ओढ्यापलीकडची केझिया

रविवार, ९ फेब्रुवारी १८६८

जावयाशी पुन्हा वाजलं. पूल ओलांडून मुद्दाम त्याच्या घरी गेलो होतो. म्हणालो, "रुबेन, बाळंतपणाला केझियाला माझ्याकडे पाठव. वरच्यांत एक गडी वाढू दे." झालं! त्याचं तोंड लगेच वाकडं. "वा, सासरेबुवा! पोर माझं, आणि मोठं होऊन माझ्याच हातातला चेंडू हिसकावणार? जमायचं नाही." मी म्हणालो, "खालच्यांत जन्मून हरायला शिकण्यापेक्षा बरं." केझिया पोट सावरत हसत होती. "भांडा दोघं. मला काय, कुठेही खाट टाका."

गावाची रीतच ती. दरवर्षी सणाला सगळं गाव दोन बाजू करून चेंडू खेळतं: ओढ्याच्या अलीकडे जन्मलेले ते वरचे, पलीकडचे ते खालचे, आणि ज्या काठावर जन्म, त्या बाजूने मरेपर्यंत खेळायचं. मग लग्न कुठेही करा.

सोमवार, १०

काल खरं बोललोच नाही. मला चेंडूचं काही पडलेलं नाही. (बरं, थोडं पडलंय.) डॉक्टर ट्विग माझ्या शेजारी राहतात. केझियाचं पहिलं बाळ गेलं ते डॉक्टर पलीकडे पोचेपर्यंत उशीर झाला म्हणून. तीही जाता जाता वाचली. हे रुबेनसमोर काढायला जमत नाही. चेंडूवर मात्र तोंड छान सुटतं! भीती वाटते मला. इथे तरी लिहून ठेवतो.

रविवार, १६

यंदाचा चेंडू शिवून झाला. आत बुचाचा चुरा ठासून भरला — ओढ्यात तरंगायला हवा. खोगिरं शिवून पोट भरतं, पण गावात नाव आहे ते या चेंडूमुळे.

चर्चचे नवे धाकटे पाद्री बघायला आले होते. त्यांचा भाऊ लंडनला असतो. तिथे म्हणे बड्या घरच्या पोरांनी फुटबॉलचे नियम कागदावर उतरवलेत. मैदानाला हद्द, हद्दीपलीकडे गेला की चेंडू बाहेर. मी विचारलं, "बाहेर म्हणजे कुठे? शेजारच्या गावात?" बिचारे चेंडूच उलटासुलटा करून बघायला लागले. भला माणूस आहे, नुसता हडकुळा.

दुपारी केझिया आली. पायांवर सूज आहे. आज नीट बोलायचं ठरवलं होतं, आणि बोललो काय — "रुबेनला सांग, वरच्यांना गडी कमी पडतोय." पुन्हा तेच!

गुरुवार, २०

रुबेनच्या दारापर्यंत गेलो. कडी न वाजवता परत आलो.

मंगळवार, २५

आज खेळ. उद्यापासून चाळीस दिवसांचा उपास, म्हणून शेजारणीने आजच्या सणाची धिरडी पाठवलीत. तशीच झाकून ठेवली. निघतो.

बुधवार, २६

काल चेंडू माझ्या हाती होता! कमरेएवढ्या पाण्यात, मागून सगळे वरचे रेटताहेत, समोर आमची पाण्यावर चालणारी गिरणी. तिच्या चाकाला चेंडू टेकवला की जिंकलो. उभ्या जन्मात मी इतका जवळ पोचलो नव्हतो.

तेवढ्यात रुबेन पाणी कापत आला. "मामा, केझियाला कळा लागल्यात. सुईण म्हणते, बाळ आडवं आहे. डॉक्टर कुठे दिसले?"

मी हसलो. चेंडू सोडवायला असलं काहीबाही सगळेच ओरडतात — घर पेटलं, गाय सुटली. मीच एकदा एकाला सांगितलं होतं की तुझी आई वारली. ती काठावर उभी राहून मला शिव्या देत होती. म्हणालो, "जा रे, दुसरं काहीतरी शोध." आणि चेंडू पोटाशी धरून पुढे निघालो.

तो अंगावर आला नाही. पाठ फिरवून काठाकडे चालू लागला. चेंडू हाताच्या अंतरावर असताना पाठ फिरवणारा खालचा मी आजवर पाहिला नाही. तेव्हा मला कळलं, हा खरं बोलतोय.

चेंडू टाकला. डॉक्टर गिरणीच्या भिंतीवर बसून खेळ बघत होते, त्यांना ओढूनच आणलं. पूल माणसांनी गच्च. "वाट द्या, माझी लेक अडलीय," ओरडलो, तर सगळे हसायला लागले. "म्हातारा चालू आहे!" मग रुबेन तिथेच रडायला लागला, आणि हसणं थांबलं. वरच्यांनी आणि खालच्यांनी मिळून डॉक्टरांना खांद्यावरून पलीकडे नेलं. चेंडूचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

रात्र तिथेच काढली, अंगावरचे ओले कपडे बदलायला आत्ता पहाटे घरी आलोय. रुबेन तिकडे त्याच्या पायरीवर बसून आहे. केझियाच्या खोलीचं दार अजून बंद आहे. परत जातो.

गुरुवार, २७

मुलगी! दोघी जिवंत. केझियाने माझं बोट धरलं, बोलायची ताकद नव्हती. मी चिक्कार रडलो, कुणी बघितलं तर बघू दे.

रविवार, ८ मार्च

रुबेन बाळाला दाखवायला घेऊन आला. तिला माझ्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "मामा, त्या रविवारी तुम्ही आलात तेव्हा केझियाचं गाठोडं बांधून तयार होतं. तुमच्याकडेच आणणार होतो, डॉक्टर जवळ म्हणून. तुम्ही चेंडूचं काढलंत, आणि मी रागाने त्याची गाठ सोडून टाकली."