दुर्बिणीला कोण टाटा करतं

३ मार्च, सोमवार. टायटसव्हिल.
गुरुवारी लायब्ररीत माझं भाषण : ‘माणूस नको, दुर्बीण पाठवा.’ यानातली निम्मी जागा माणसाच्या जेवणाला, पाण्याला, संडासाला. दुर्बिणीला भूक नाही, परत आणायची कटकट नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. डॅडींनी आयुष्यभर लाँचपॅडवर वेल्डिंग केलं. माझं बोलणं त्यांनी एकदाही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. या वेळी पहिल्या रांगेत बसायचं कबूल केलंय. त्यांचं मत बदलणार, नक्की.

४ मार्च
माणसं घेऊन चंद्रावर जाणारं यान आज उडणार होतं. वारा फार. आता गुरुवारी संध्याकाळी. लायब्ररीच्या मिसेस ओडम म्हणाल्या, पोरी, तेव्हा मीसुद्धा यान बघायला नदीवर असेन. भाषण शनिवारी. बरंच झालं, तयारीला वेळ.
डॅडींनी जेवताना विचारलं, “कोरीन, दुर्बिणीला कोण टाटा करतं?” पुराव्यानिशी उत्तर देणार. पुरावा शोधायचाय.

६ मार्च
व्हॉल्व्ह गळतोय. यान शनिवारी. मॉम म्हणाली, अगं, लाँचच्या आठवड्यात इथे कुणी लग्नसुद्धा ठरवत नाही. ही अंधश्रद्धा. भाषण मंगळवारी नेलं, मंगळवार सुरक्षित.

८ मार्च
ढग. यान मंगळवारी.
आता मी हटणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्यांना खरंच विचार करायचाय ते येतील.

११ मार्च, संध्याकाळी
लायब्ररीत सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मिसेस ओडम आल्या, पण कुलूप लावायला. मग नदीवर गेले, फक्त गर्दीच्या मानसिकतेचा अभ्यास म्हणून.
डॅडींनी अगदी पाण्याला लागून दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. म्हणाले, “ही घे पहिली रांग. बोल आता, शेवटपर्यंत ऐकतो.”
मी सुरू केलं. त्यांनी खरंच ऐकलं, मान डोलावली. मी जेवणावरून पाण्यावर आले. पलीकडच्या काठावर उजेड पेटला.
ते म्हणाले, “आणि संडासाचं काय?”
मी म्हटलं, “डॅडी, गप्प बसा ना. उडतंय.”

११ मार्च, घरी
हात हलत होता तो डासांमुळे.
ओरडून घसा बसलाय. भाषण पुढे ढकललं. कारण तांत्रिक.