रंजनाच्या गटाचा निर्णय

८ जुलै २०१३
सातवी ब. गटचर्चेत सगळे एकदम ओरडतात, ऐकत कुणीच नाही. "मासळीबाजार भरवलाय का?" मी म्हणाले आणि लक्ष रंजनाकडे गेलं. तिची आई पनवेलच्या बाजारात मासळी विकते. जळ्ळी माझी जीभ.
आता नियम. चौघांचा गट. हातात डस्टर असेल त्यानेच बोलायचं, आणि पाळी आली की बोललंच पाहिजे.

१५ जुलै
डस्टर चाललं! कॉलनीतला मिहीर एरवी कुणाला बोलू देत नाही, आज गप. त्याच गटातली रंजनाही गप, पण पाळी आल्यावरसुद्धा. "काहीही बोल, पण बोल," मी मागेच लागले.

२२ जुलै
विषय : मुलं शाळा का सोडतात. रंजना बोलली. "मी पन सोडनार हाय. गनपतीनंतर. आजी गेली, आता धाकट्याला बगायला घरी कुनी नाय."
कुणी हसलं नाही. पाळीपाळीने विचारत होते, ऐकत होते. ठरलं काय, तर गटाने तिच्या बाबांना भेटायचं. "याला म्हणतात चर्चा," मी सगळ्या वर्गाला सांगितलं. फार बरं वाटलं आज. येताना भजी घेतली.

२६ जुलै
गटातले बाकीचे तिघं काल रंजनाच्या घरी जाऊन आले. मिहीर सांगत होता. बाबा ओटीवर, सोबत शेजारचे दोघं. पोरांनी एकेक मुद्दा मांडला आणि मग खिशातलं डस्टर काढून बाबांच्या हातात दिलं. "काका, आता तुमची पाळी."
शेजारी हसले. बाबांनी डस्टर परत दिलं, पोरांना सरबत पाजलं.
"बाई, त्यांनी सगळं ऐकून घेतलं," मिहीर खूश. मी मात्र शेजाऱ्यांच्या हसण्यावरच अडकले.

३० जुलै
रंजना कालपासून नाही. मिहीर म्हणतो परत जाऊ. गप बस म्हटलं, जरा जोरातच. बिचारा.
हेडमास्तर : "नसते उद्योग कुणी सांगितले होते?" संताप आला, तोही स्वतःचाच.

३ ऑगस्ट
एकटीच गेले. बाबा न्हावा शेवा बंदरातली रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. रंजना आतल्या दारात, धाकटा कडेवर. माफी मागितली.
"पोरांवर राग नाय, बाई. पन घरातली गोष्ट हिनं चार लोकांत नेली. आता वाडीत जो तो मना इचारतो, तुजी पाळी आली का?"
निदान सहामाही परीक्षेपर्यंत तरी पाठवा, म्हटलं.
"तिलाच इचारा."
विचारलं. ती बाबांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
"बाई, मी आता कायपन बोलनार नाय."
बाबांनीही मान खाली घातली. मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. "सोमवारी बगू," एवढंच म्हणाले.