जहाजावर व्याह्यांना केलेला आग्रह

मुरुम,
बाजाराचा दिवस

तीर्थस्वरूप दाजींना आणि आक्काला बिभीषणचा खाली वाकून (या खेपेला जरा जास्तच खाली वाकून) नमस्कार.

इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. आमच्या सौभाग्यवती दैवशालाची तब्येत चांगली आहे, आवाज तर फारच चांगला आहे. आक्काचा गुडघा कसा आहे? दिलेलं तेल चोळती का नुसतं कपाटात ठेवून त्याच्याकडं बघती? तुमच्या बागेची छाटणी उरकली असेल. आता तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना या गड्याला पत्र लिहायचं कुठून सुचलं. दाजी, तुम्ही फोन स्पीकरवर टाकून पारावर बसता, आणि मला जे सांगायचंय ते जळकोटच्या पारानं ऐकण्यासारखं नाही. शिवाय फोनवर तुम्ही हसाल. पत्र वाचताना हसलात तर मला ऐकू येणार नाही, तेवढीच माझी सोय.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या आरोहीच्या लग्नाला वरीस झालं आणि लग्नानंतरची पहिली नागपंचमी तिनं सासरी पुण्यातच काढली. आपल्याकडं पहिल्या पंचमीला लेक आली नाही तर लोक पावसापाण्याचं विचारायचं सोडून तेच विचारतात. दुकानात खत न्यायला आलेला माणूससुद्धा पोतं खांद्यावर घेऊन आधी विचारायचा, “का हो, पोरगी न्हाय आली?” मी स्वतः मुराळी होऊन तिला न्यायला गेलो होतो, आणि चहाच्या कपामागून कप पिऊन रिकाम्या हातानं परत आलो. ती एवढंच म्हणाली, पप्पा, या वर्षी नको. का नको, ते सांगेना. जावई उत्कर्षरावांना विचारलं तर त्यांनी मोबाइलमध्ये तोंड घातलं. मग कारण मीच शोधून काढलं. लग्नात विहिणीच्या पंगतीला वरण संपलं होतं आणि आमच्या विहीणबाईंनी कोरड्या भातावर नुसतं बोट फिरवलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तोच रुसवा धरून त्या पोरीला पाठवत नाहीत, असं मी ठरवून टाकलं. दैवशाला म्हणाली, वरणासाठी कुणी वरीसभर रुसतं व्हय? मी म्हणालो, तू रुसती की. त्यावर ती रुसली.

एवढ्यात उत्कर्षरावांनी वडलांच्या, म्हणजे आमचे व्याही आण्णासाहेब यांच्या, साठीनिमित्त दोन्ही घरांना मिळून जहाजावर न्यायचं काढलं. मुंबईहून निघायचं, समुद्रात हिंडायचं, गोव्याला टेकून परत यायचं. मी म्हटलं, रुसवा काढायची संधी देवानंच पाठवली. पण व्याह्यांकडं रिकाम्या हातानं जायचं नाही ही आपली रीत, आणि पुण्याच्या माणसाला न्यायचं तरी काय? तेव्हा मला आठवलं की त्यांच्या बैठकीत काचेच्या कपाटात वाईनच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. (त्या रिकाम्या होत्या आणि विहीणबाईंनी वेली लावायला शेजाऱ्यांकडून आणल्या होत्या, हे मला जहाजावरून उतरल्यावर कळलं.) उत्कर्षराव बोलता बोलता म्हणूनही गेले होते की त्या जहाजावर माणशी एक सीलबंद वाईनची बाटली आपली आपण नेता येते. आम्ही माणसं सहा. तुमची द्राक्षं ज्या कारखान्याला जातात तिथून दिवाळीला आलेल्या सहा बाटल्या तुम्ही ज्वारीच्या कणगीमागं ठेवल्यात हे मला माहीत होतं. त्या मागताना मी तुम्हाला “तालुक्याच्या एका साहेबाला द्यायच्यात” असं सांगितलं. ते खोटं होतं. दाजी, माफ करा. पुढं जे सांगणार आहे त्यामानानं हे काहीच नाही, तेव्हा रागाचा थोडा साठा शिल्लक ठेवा.

उघडीबोडकी बाटली व्याह्याच्या हातात द्यायला दैवशाला तयार होईना. तिनं एकेका बाटलीला हळदीकुंकू लावलं, टॉवेल गुंडाळला आणि वरून पांढरी टोपी घातली. शिवाय जास्तीचे टॉवेल-टोप्या घेतल्या, वेळप्रसंगी कुणाचा सत्कार करावा लागला तर अडायला नको म्हणून. बंदरावर तपासणीच्या यंत्रातून बॅग गेली आणि तिथली बाई पडद्याकडं बघतच राहिली. बॅग उघडायला लावली. आत सहा पुढारी ओळीनं निजल्यासारखे दिसत होते. तिनं एकाची टोपी काढली, सील तपासलं, टोपी परत घातली. सहाही बाटल्या सोडल्या, दाजी, आणि सोबतचा नारळ मात्र अडवला. दारू चालते आणि नारळ चालत नाही, असं कुठं असतंय का, म्हणून मी तिथं चढ्या आवाजात विचारायला लागलो. मागं रांग तटली. आरोहीनं माझी बाही धरली आणि हळूच म्हणाली, पप्पा, एवढंच करा, इथं माझी मान खाली जाईल असं काही करू नका. मी म्हणालो, बाळा, बाप आहे मी तुझा. आज ते वाक्य आठवलं की जेवण जात नाही.

जेवणघरात आपली बाटली उघडायची तर बूच काढायचे वेगळे पैसे, असा त्यांचा कायदा. मला काही ते पटलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सांजच्याला, बायामाणसं आणि जावई वर जादूचे खेळ बघायला गेल्यावर, मी आण्णासाहेबांना आमच्या खोलीत बोलावलं, कुंकू लावलं आणि बाटली हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेऊन डोक्याला लावली. बूच निघेना, तेव्हा दात घासायच्या ब्रशच्या दांड्यानं ते आत ढकललं. घरून नेलेल्या स्टीलच्या गिलासात ओतली. दाजी, मी जन्मात कधी घेतली नव्हती, तुमच्या गळ्याशपथ. चव म्हणाल तर चिंचेचं सार दोन दिवस विसरावं तशी. पण समोर व्याही बसलेले. त्यांना गोडी आहे आणि मी तोंड वाकडं केलं तर त्यांचा अपमान, म्हणून मी “वा” म्हणालो. आता गंमत ऐका. त्या माणसानंही कधी तोंडाला लावली नव्हती! त्यांना वाटलं, सहा-सहा बाटल्यांना टोप्या घालून आणणारा हा मराठवाड्यातला गडी पट्टीचा पिणारा असणार, याला कमीपणा वाटू द्यायला नको. म्हणून तेही “वा” म्हणाले. आणि “वा” म्हटल्यावर पंगतीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी वाढलं. त्यांनी पुरे म्हटलं. मी म्हणालो, माझी शपथ आहे, अर्धा तरी घ्या. मग त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला (हो, तोवर सोयीसाठी मी ती तांब्यात ओतून घेतली होती) आणि म्हणाले, व्याही, तुमचं पान कोरडं ठेवून मला कसं गोड लागेल. दोघंही एकमेकांच्या इज्जतीसाठी घोट घोट गिळत होतो आणि रिकामा गिलास दिसला की वाढत होतो. अशा दोन बाटल्या संपल्या. जिलबीचा आग्रह पोट थांबवतं. या जिनसाला पोट थांबवत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

जेवणघरात कसे पोचलो ते मला आठवत नाही. दैवशालाला आठवतं, आणि ती ते रोज सांगते. तिथं मंचावर एक पोरगी गाणं म्हणत होती, तिचं गाणं संपलं आणि माइक मोकळा झाला. मोकळा माइक आणि मी, दाजी, तुम्हाला माहीतच आहे. गावातल्या कुठल्या लग्नात मी आहेर पुकारले नाहीत? वर चढलो आणि सूत्रसंचालन सुरू केलं. काखेत टॉवेल-टोप्या होत्याच. सगळ्यात आधी जहाजाच्या कप्तानांचा सत्कार केला (ते कप्तान नव्हते, भटारखान्याचे मुख्य आचारी होते, पण टोपीवर टोपी त्यांनी आनंदानं घालून घेतली). मग आण्णासाहेबांना पुकारलं. ते आले, सत्कार घेतला, खाली गेले आणि रांगेत उभे राहून पुन्हा आले. हॉलभर गुजराती, पंजाबी माणसं. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या ऐकून मी आणखी चेकाळलो.

इथपर्यंत हसलात तर हसा. पुढचं हसण्यासारखं नाही. मी माइकवरून म्हणालो, “माझ्या लेकीला ज्यांनी पहिल्या पंचमीला माहेरी पाठवलं नाही, त्या आमच्या विहीणबाई समोर बसलेल्या आहेत, त्यांनी मंचावर येऊन सत्कार स्वीकारावा.” जसं बोललो तसंच लिहिलंय, एक शब्द गाळलेला नाही. विहीणबाई उठल्या. पदर सारखा केला, वर आल्या, माझ्या हातून टॉवेल घेतला, मान लववली आणि जाग्यावर जाऊन बसल्या. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आरोही ताटावरून उठून निघून गेली. जाताना माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, पप्पा, तुम्ही कुणाला काय बोललात हे तुम्हाला माहीत तरी आहे का? त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. तेव्हापासून ती फोन करते तो आईला. मी उचलला तर “आईला द्या” म्हणते.

लाज वाटते, दाजी. दुकानात बसतो, गिऱ्हाइकाला बियाणं देतो, तेवढ्यात तो टॉवेल घेणारा हात दिसतो आणि मी भलतीच पिशवी काढून देतो. तुम्ही माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत. थोडं रागवा, पण तोडू नका. आक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा लाजिरवाणा मेहुणा,
बिभीषण

ता. क. – आक्काला यातलं काही सांगू नका. बिभीषणला समुद्र लागला आणि तो वाटेल ते बरळला, एवढंच सांगा. आण्णासाहेबांनाही तोच समुद्र लागला होता.

ता. क. – शिल्लक राहिलेल्या चार बाटल्या एसटीच्या पार्सलनं धाडायचा विचार होता. पण दैवशालानं त्या मोरीत ओतल्या आणि रिकाम्या बाटल्यांत राईचं तेल भरलं. तेव्हा त्यांची वाट बघू नका.

ता. क. – आता खरं सांगतो, वर लिहायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या मजल्यावर एका खुर्चीच्या आडोशाला तोंड लपवून बसलो होतो. विहीणबाई आपण होऊन आल्या आणि शेजारी बसल्या. मी टोपी काढून त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली. इतकी वर्षं पुण्यात राहिलेली बाई, पण बोलताना एकदम आपल्या बोलीवर आली. “दादा, म्या न्हाय अडवलं तिला.” त्यांचं माहेर तेरखेड्याचं, दाजी. वडलांचा फटाक्यांचा कारखाना होता. वडील गेले तेव्हा भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन आले, यांनी सही करायच्या आधी एक शब्द विचारला, आणि त्या दिवसापासून तिकडून कुणी यांना न्यायला आलं नाही. कागदावर सही नाही आणि पंचमीला मुराळी नाही. मी आरोहीला न्यायला गेलो त्या दिवशी मला दारात चप्पल काढताना त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मुराळी आला गं, नशिबाची हायस.” मग आत जाऊन रडल्या. ते आरोहीनं पाहिलं. पोरीनं भरलेली बॅग परत माळ्यावर टाकली आणि म्हणाली, आई, मी नाही जात, आपण दोघी इथंच झोका बांधू. आणि दोघींनी गॅलरीत ओढणीचा झोका बांधला. हे तिनं मला सांगितलं नाही, कारण मी ते सगळ्या मुरुमला सांगितलं असतं, आणि त्यात तिच्या सासूची शोभा झाली असती. ती मी केलीच.

दाजी, तुमचं आजोळ तेरखेडा. गावच्या नात्यानं विहीणबाई तुमच्या मामेबहीण लागतात. (आक्काला नुसतं बहीण म्हणून सांगा, मामेबहीण म्हटलं की ती दहा प्रश्न विचारेल.) या पंचमीला तुम्ही मुराळी होऊन पुण्याला जा. मी गेलो तर पुन्हा चहा पिऊन परत येईन, आणि माझं तोंडही राहिलेलं नाही. गाडी मी करतो, माहेरपण जळकोटला तुमच्या घरी होऊ द्या. आरोही आपोआप मागं येईल, तिला काही बोलायची गरज नाही. दारात गेल्यावर तिचं नाव आधी घेऊ नका. आधी विहीणबाईंना म्हणा, ताई, बॅग भरा, न्यायला आलोय.