सरांच्या कॉफीतली साखर

२ एप्रिल २००४

सरांच्या बायकोनं, काकूंनी, आज मला क्लासच्या मागच्या जिन्याजवळ बोलावलं आणि रडायलाच लागल्या! त्यांच्या हातात सरांचा रिपोर्ट होता. जेवणानंतरची साखर ३१२. डॉक्टरांनी गोळी वाढवली आहे आणि साखर पूर्ण बंद करायला सांगितलं आहे. सरांनी रिपोर्ट टेबलावर टाकला आणि सकाळच्या बॅचला निघून गेले.

“तुझे सर माझं ऐकत न्हाईत, अश्वजित. माझ्या अप्पाचा पाय असाच गेला बिदरला. आधी अंगठा कापला, मग गुडघ्यापर्यंत. कॉफी तू करतोस ना? मग तूच काहीतरी कर. अन् त्यांना कळू देऊ नको. कळलं की मुद्दाम दोन चमचे जास्त घेतील.”

ते खरं आहे. सर तसेच आहेत.

ऑफिसच्या मागच्या खोलीत माझी शेगडी आहे. दिवसाला सहा ग्लास कॉफी, प्रत्येकात तीन चमचे साखर. जेवण मात्र नावाला. सीईटीचा क्रॅश कोर्स सुरू झाला की डबा तसाच घरी परत जातो. हॉलमध्ये तीनशे पोरं, सर माइकवर फिजिक्स शिकवतात आणि कॉफीवर उभे असतात. कधी उपाशीपोटी त्यांचे हात थरथरतात, घाम फुटतो. मग मला खूण करतात. गोड कॉफी घेतली की पाच-दहा मिनिटांत पुन्हा आवाज चढतो. पोरांना कळतही नाही.

काकूंना “हो” म्हणालो. सरांपासून लपवायचं? मी?

३ एप्रिल

काल झोप नीट लागली नाही.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा गुरुपादप्पा सर आमच्या गावच्या शाळेत होते. तेव्हा त्यांना कुणी जी. पी. सर म्हणत नव्हतं. आमच्या घरातून मी आणि बाबा तेवढे बाहेर निघालो. पत्र्याच्या शेडमध्ये सरांनी फळा टांगला आणि मला पुढे बसवलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकला की तोच शब्द वीस वेळा लिहायला लावायचे. मी रडायचो, पण तेवढा वेळ बाकीचं आठवायचं नाही. पुढे नववीत शाळा सुटली. बाबा उमरीला आत्याकडे गेले, आणि सरांनी मला लातूरला बोलावून घेतलं. क्लासच्या सूचना आजही मीच लिहितो, एकही चूक नसते.

सर बाहेरचं काही घेत नाहीत. परवा एक पालक चहा मागवत होते, तर सर म्हणाले, “अश्वजितच्या हातची कॉफी असली तर आणा. नाहीतर पाणी द्या.”

आणि त्याच हातानं हे करायचं.

पण पाय कापला तर?

५ एप्रिल

गूळ घालून बघितला. दूध फाटलं! दुसऱ्यांदा खाली उतरवून घातला, तर कॉफीला रसवंतीसारखा वास.

आणखी गूळ घ्यायला गेलो, तर मेडिकलवाले जिलानीभाई दिसले. त्यांनी हाक मारून विचारलं, “कशाला रे गूळ?” म्हटलं, ओळखीच्या एकाला साखर आहे, त्याच्यासाठी. ते पोट धरून हसले.

“अरे बाबा, गूळ काय अन् साखर काय, सख्ख्या बहिणी! एक गोरी, एक सावळी. कुणाशीबी निकाह लाव, सासू एकच!”

दुकानातली सगळी माणसं हसली. मी गूळ न घेताच निघालो.

६ एप्रिल

एका पोराच्या वडिलांनी इस्लापूरहून रानातला मध आणला होता. वाटलं, हा तर औषधी! पुन्हा जिलानीभाईंकडे गेलो. “मधबी त्याच घरातला,” म्हणाले. हसले नाहीत यावेळी. “कोण आहे रे आजारी? तू तर न्हाई?”

“नाही. आमचे एक नातेवाईक.”

खोटं बोललो. बोलताना लक्षात आलं, पूर्ण खोटं नाही.

त्यांनी साखरेऐवजी घालायच्या बारीक पांढऱ्या गोळ्यांची डबी दिली. स्वस्त. आल्यावर करून बघितली. आधी गोड लागते, मग जिभेच्या मागे खिळा चाटल्यासारखी कडसर. अर्धी घातली तरी तोच प्रकार. सर एका घोटात ओळखतील. डबी फळीच्या मागे टाकली.

८ एप्रिल

आता साखरेऐवजी घालायच्या दुसऱ्या, पुड्या आणल्या आहेत. महाग आहेत, काकूंनी पैसे दिले. एक पुडी म्हणजे दोन चमचे साखरेइतकी गोड, असं वर लिहिलं आहे. पातेल्यात टाकून चांगली उकळली. गोडी गायब! नुसता कडू काढा. दुसरी उकळली, तीही गेली. दोन पुड्या वाया.

जिलानीभाई कपाळाला हात लावून म्हणाले, “उकळतो कशाला? उतरव, ग्लासात ओत, मग टाक. आचेवर ती चव मरते.”

तसं केलं. जमली! शेवटी किंचित वेगळं लागतं, पण काकूंच्या माहेरची बिदरची पावडर कडक आहे, ती झाकून टाकते. सलग चार ग्लास पिऊन बघितले. छाती धडधडत होती. कॉफीनं की भीतीनं, माहीत नाही.

९ एप्रिल

आज पहिला ग्लास. दोन चमचे साखर आणि अर्धी पुडी. एकदम बदललं तर कळेल, म्हणून हळूहळू उतरायचं ठरवलं आहे.

सर प्यायले. मग फळ्याकडे वळले. मी ग्लास घेऊन आलो आणि शेगडीजवळ खाली बसलो.

१३ एप्रिल

एक चमचा साखर, एक पुडी. सरांनी आज ग्लासात बघितलं.

“पावडर बदलली का रे?”

“हो सर. काकूंनी नवीन आणली.”

“बरी आहे.”

इतकं सोपं! मला वाटलं होतं खोटं बोलताना जीभ अडखळेल. अडखळली नाही. त्याचंच वाईट वाटलं.

१८ एप्रिल

आजपासून साखर अजिबात नाही. दीड पुडी. सरांनी ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, “मस्त.”

२६ एप्रिल

रिपोर्ट आला. १६४! काकूंनी मला ऑफिसातच हात जोडले. लाज वाटली. डॉक्टर सरांना म्हणाले म्हणे, “गोळीनं चांगलं काम केलं.” सरांनी त्यांना ऐकवलं, “बघा, कॉफी तशीच गोड पितो, तरी उतरली. तुम्ही उगाच घाबरवता माणसाला.”

घरी येऊन त्यांनी हे काकूंना टाळी देत सांगितलं. काकू हसल्या. मीही हसलो. तिघं हसत होतो आणि खरी गोष्ट दोघांनाच माहीत होती.

रात्री बाबांना फोन केला. काही सांगितलं नाही.

३० एप्रिल

सर दमलेले दिसतात. आज फळ्यावर एकच गणित दोनदा मांडलं. पोरं हसली. डबा परत गेला. सगळा भातसुद्धा.

४ मे

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहितो. नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

दुपारची बॅच. सकाळपासून सरांनी काही खाल्लं नव्हतं, गोळी मात्र घेतली होती. शिकवताना खडू पडला. उचलायला वाकले आणि टेबल धरून उभेच राहिले. शर्ट पाठीला चिकटलेला. माइक बाजूला करून मला म्हणाले, “गोड आण. लई गोड.”

मी धावत गेलो. कॉफी तयार होती. लई गोड म्हणाले म्हणून तीन पुड्या टाकल्या. ढवळली. एक कण तळाला राहू दिला नाही. पळत नेऊन दिली. सरांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि सगळी प्यायले.

नेहमीसारखं थांबेल म्हणून मी वाट बघत राहिलो. पोरं वाट बघत राहिली. सर खुर्चीत बसले. काहीतरी बरळले. मग मान कलली.

“अजून एक आण रे!” कुणीतरी ओरडलं. आणि मी — मी अजून एक केली! तीन पुड्या टाकून! ओठांना लावली, तर ती गळ्यावर सांडली.

दवाखान्यात बोट टोचून बघितलं तर साखर ३४. नर्स म्हणाली, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा डोळे उघडले. मला बघितलं आणि पुटपुटले, “कॉफी चांगली होती.”

साखरेची बरणी शेगडीच्या बाजूलाच होती. बोटाला लागत होती.

५ मे

डॉक्टर कोड्यात पडले आहेत. सरांनी त्यांना सांगितलं, रोजची सहा ग्लास गोड कॉफी सुरूच होती, त्या वेळी तर तिप्पट गोड घेतली. तीनशे पोरांनी बघितलं आहे. डॉक्टर म्हणाले, “एवढी साखर पोटात जाऊन ३४ कशी? हे साधं दिसत नाही.” पोटात जठराच्या मागे गाठ असते म्हणे, तिच्यानं खाऊनसुद्धा साखर अशी उतरते. हैदराबादला पाठवणार आहेत. स्कॅन, कदाचित ऑपरेशन.

सरांनी ऐकलं आणि छताकडे बघत राहिले. त्यांना घाबरलेलं मी भूकंपातसुद्धा बघितलं नव्हतं.

मी तोंड उघडलं, तर काकूंनी मला बाहेर ओढलं.

“काही बोलू नको. हैदराबादला जाऊ, काही निघणार न्हाई, परत येऊ. पण हे कळलं तर ते मला माफ करणार न्हाईत. तुझ्या पाया पडते.”

खरंच वाकल्या! मी मागे सरकलो.

६ मे

गाडी सांगितली आहे. उद्या पहाटे निघायचं. क्लासमध्ये पोरं आपसात बोलत होती, “जी. पी. सरांना कॅन्सर झाला म्हणे.” एक मुलगी रडत होती.

सांगितलं तर मी गेलो. हा क्लास, ही खोली, सगळं गेलं. त्याहून म्हणजे सर. नाही सांगितलं तर नसलेल्या गाठीसाठी त्यांचं पोट उघडतील. आणि गोळी तेवढीच चालू राहील. पुन्हा हात थरथरतील, पुन्हा ते माझ्याकडेच हात करतील.

एक उरलेली पुडी खिशात घालून निघालो आहे.

६ मे, संध्याकाळ

सांगितलं.

डॉक्टर तपासायला आले होते. मी पुडी सरांच्या पलंगावर ठेवली आणि म्हणालो, “सर, कॉफीत साखर नव्हती. अठरा तारखेपासून नव्हती. त्या दिवशीही नव्हती.”

डॉक्टरांनी पुडी उलटसुलट करून बघितली. मग खुर्चीत मागे टेकले. “म्हणजे गोळी पूर्ण, जेवण शून्य अन् साखरही शून्य! अहो, मग ३४ नाही तर काय होणार?” हैदराबाद रद्द. गोळी निम्म्यावर आणली. मला म्हणाले, “आधी सांगायला काय झालं होतं रे?”

काकू पुढे झाल्या. “त्याचा दोष न्हाई. मी करायला लावलं.”

“तू लावलंस. पुडी त्यानं टाकली.” सरांचा आवाज अगदी साधा होता. ओरडले असते तर बरं झालं असतं. “मला सांगितलं असतं तर सोडली असती साखर.”

“सोडली असती! चार वर्षं सांगून राहिले मी!”

“तू सांगतच राहतेस. यानं कधी काहीच सांगितलं न्हाई. यानं एकदा सांगितलं असतं, तरी सोडली असती.”

मग भिंतीकडे तोंड केलं.

१० मे

सर घरी आले. मला कुणी जा म्हणालं नाही. ये असंही म्हणालं नाही. रोज क्लास झाडून घेतो. शेगडी पेटवली नाही.

१४ मे

काकूंचा निरोप: सर उद्यापासून येणार आहेत. वेळेवर जेवतात. साखर सोडली. बिनसाखरेची कॉफी घेतात, पुडी नाही, गोडाची गोळी नाही, काही नाही. तोंड वाकडं करतात, पण घेतात.

इतकंच करायचं होतं.

१५ मे

कॉफी नेली. दूध, पावडर, बाकी काही नाही. बॅच सुरू व्हायची होती, ऑफिसात आम्ही दोघंच. सरांनी ग्लास हातात घेतला. मग बशी ओढून अर्धी कॉफी तिच्यात ओतली आणि बशी माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे न बघता म्हणाले,

“आधी तू पी.”