साडेचारची दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, या गावच्या दैनिकाची आधी बातमीदार आणि नंतर संपादक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर इतकी वर्षं लागली नसती.

१. टपाल कचेरीमागच्या माझ्या दोन खोल्या आणि वरची गच्ची माझ्या भाच्याला मिळावी. तो आता दैनिकाचा संपादक आहे. अट एकच, ती पाचव्या कलमात आहे. पाळली नाही तर घर वाचनालयाचं. भाच्या, "आत्या, जुनं कशाला उकरायचं" हे तुझ्याकडून दोनदा ऐकलं आहे. तिसऱ्यांदा ऐकायला मी नसेन.

२. टाइपराइटर दैनिकात नवीन आलेल्या बातमीदार मुलीला द्यावा. डावीकडची एक कळ अडकते, जरा जोरात मारावी.

३. मोठा आरसा वहिनींना. "असल्या नोकरीतल्या मुलीला कोण करून घेणार?" असं त्या चाळीस वर्षं म्हणत आल्या. कोणी करून घेतलं नाही हे खरं आहे. आरसा मात्र उत्तम आहे.

४. लोखंडी पेटीतली सात नंबरची वही आणि तिच्यातलं कात्रण घड्याळजींच्या मुलीला द्यावं. ते का, हे इथेच लिहिते, म्हणजे तिला कोणाला विचारायला नको.

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी गावातल्या धान्यकोठाराच्या व्यवस्थापकाचा खून झाला. पुरुष बातमीदार आघाडीवर गेले होते, म्हणून ती बातमी बावीस वर्षांच्या माझ्याकडे आली. कोठाराच्या कारकुनाने सांगितलं की पाचला तो बाहेर गेला तेव्हा साहेब जिवंत होते, सहाला परतला तेव्हा मेलेले. घड्याळजी त्या दुपारी कोठारातल्या घड्याळाला किल्ली द्यायला गेले होते. आदल्या दिवशी धान्याच्या वजनावरून त्यांचं व्यवस्थापकाशी भांडण झालं होतं. समोरच्या इस्त्रीवाल्या मावशींनी मला सांगितलं, "घड्याळजी साडेचारला बाहेर पडले."

सरकारने युद्धासाठी घड्याळं एक तास पुढे केली होती. कचेऱ्या आणि कोठार सरकारी वेळेने चालत, घरं जुन्या. आमच्या संपादकांचा नियम होता: गावातल्या माणसाने वेळ सांगितली की एक तास मिळवायचा आणि मग छापायची. मी मिळवला. साडेपाच छापलं. फौजदारांनी कात्रण कागदपत्रांना डकवलं, त्यावरून मावशींचा जबाब टाइप झाला आणि मावशींनी, लिहिता-वाचता येत नसल्यामुळे, त्यावर अंगठा उठवला. कोर्टात त्यांना एवढंच विचारलं, "अंगठा तुमचाच ना?" अंगठा त्यांचाच होता.

घड्याळजी कोर्टाच्या ओसरीत मला म्हणाले होते, "बाई, तुमचा तास चुकलाय. घड्याळातलं मला थोडंफार कळतं." वहीत मी लिहिलं आहे: आरोपी वेळेबद्दल बडबडतो. ती ओळ खोडलेली नाही.

घड्याळजींना शिक्षा झाल्यावर आठ दिवसांनी मी मावशींकडे कपडे आणायला गेले. म्हटलं, "मावशी, तुमचं घड्याळ पुढे आहे."

"पुढे कुठलं? सरकारी आहे. छावणीचे कपडे न्यायला गाडी येते ती त्यांच्या वेळेला. माझ्यासाठी थांबेल होय? आख्ख्या गल्लीत मी एकटीच सरकारी."

"मग त्या दिवशीचे साडेचार?"

"भिंतीवर बघून सांगितले की. तूच तर लिहून घेतलेस."

मी धावत संपादकांकडे गेले. ते म्हणाले, "आत्ता सेन्सॉर सोडायचा नाही. युद्ध संपू दे." युद्ध दोन वर्षांनी संपलं. तोवर मला पहिल्या पानाची बातमीदार केलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही. घड्याळजी सहाव्या वर्षी तुरुंगात वारले.

पुढे एकवीस वर्षं पहिलं पान माझ्याच हातात होतं. सेन्सॉर नव्हता. मी छापलं नाही. याला कारण देता येत नाही. भीती होती, एवढंच. कारकुनाने खटल्यानंतर गाव सोडलं. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून त्याच्याबद्दल आणखी लिहीत नाही. एकदा तशी चूक झालेली आहे.

घड्याळजींची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची, आज वडिलांचं दुकान चालवते. दर रविवारी माझ्या घड्याळाला किल्ली द्यायला येते, मला ताई म्हणते. मी तिला चहा देते आणि हवापाण्याचं बोलते.

५. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत दैनिकाच्या पहिल्या पानावर, मूळ बातमीच्याच जागी आणि तेवढ्याच टाइपात, हा मजकूर एक शब्दही न बदलता छापावा: "घड्याळजी कोठारातून साडेपाचला बाहेर पडले, असं या दैनिकाने छापलं होतं. ते साडेचारला बाहेर पडले. त्या वेळी व्यवस्थापक जिवंत होता. साक्षीदार खरं बोलली होती. चूक बातमीदाराची होती." खाली माझं पूर्ण नाव द्यावं.

पहिला अंक भाच्याने स्वतः दुकानात नेऊन द्यावा. टपालाने पाठवू नये.

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही), निवृत्त पोस्टमास्तर (सही).
लिहून देणार: (सही).
स्थळ: राहतं घर. नऊ मार्च, सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. पोस्टमास्तरांच्या घड्याळात तेवढेच वाजले होते, डॉक्टरीणबाईंचं दोन मिनिटं मागे होतं. वेळ कुठल्या घड्याळाची, हे लिहिण्यापूर्वी मी दोघांनाही विचारलं.