आठ नंबरची चौकट

लिंबायत, सुरत
८ जानेवारी २०२५

ती. उज्ज्वलाताईस,
सुवर्णाचा नमस्कार. दाजी बरे असतील. इथे सगळं ठीक. आई वेळेवर जेवते, हल्ली रडतही नाही. फोन टाळून लिहिते आहे, कारण आई दिवसभर माझ्या शेजारीच बसलेली असते.

काम मिळालं ते सांगितलंच होतं. कडोदऱ्याच्या लूम्सच्या खात्यासाठी, त्या कारखान्यासाठी, घरबसल्या कॉम्प्युटरचा पडदा बनवतेय. खाली एक पट्टी, पट्टीवर प्रत्येक मागाची चौकट. एक बटण दाबलं की एका मागावरून दुसऱ्यावर जाता येतं. हात शेवटचा जिथे लागला ती चौकट पहिली, त्याआधी जिथे लागला ती दुसरी. चांगल्या पडद्याने माणसाची दमछाक वाचवावी, असं मला मनापासून वाटतं.

आबा जिथे माग चालवायचे, तेच हे खातं. हे तुला सांगितलं नव्हतं.

आबांचा आठ नंबरचा माग ते गेल्यावर विकला गेला. तरी पट्टीवर आठ नंबर येतो, आणि नेहमी दुसऱ्या जागी. मी त्याला हात लावत नाही, ताई. म्हणजे माझ्या आधी कुणीतरी नुकतंच तिथे असतं.

खात्याचे शेठ हसले, "बेन, आठ नंबर तो भंगारमां गयो, काढी नाखो." काढला. सकाळी परत हजर.

आईला कळायला नको होतं. तिने आकडा ओळखला. तेव्हापासून केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून पडद्यासमोर बसते. मी पुसायला गेले की हात धरते. "राहू दे ना, बेटी. त्या कामले जायेल शेतस." आबा कामावर गेलेत, असंच तिच्या मनाने घेतलंय.

खात्याची रीत तुला आठवते ना? पाळी संपली तरी कारीगर माग सोडत नाही. पुढचा येतो, मागावर हात ठेवून "घेतली" म्हणतो, तेव्हा पहिला निघतो. आबा पाळीतच कोसळले. त्यांना रिक्षात घालून नेलं. मागावर हात कुणीच ठेवला नव्हता.

मग ते अजून उभेच असतील, ताई. पाणीसुद्धा न पिता.

आज आई नळावर गेली तेव्हा मी पडद्यावरच्या आठ नंबरवर तळहात ठेवला आणि म्हटलं, "आबा, घेतली."

चौकट गेली. पुन्हा आली नाही.

तेव्हापासून तळहाताला मशीनच्या तेलाचा वास येतोय. साबणाने जात नाही. आई परतली, पडद्याकडे पाहिलं, माझा हात नाकाशी नेला. मला वाटलं, आता आकांत करेल. ती शांतपणे उठली, मांडणीवर पालथा ठेवलेला आबांचा पेला उतरवला, त्यात चहा ओतला आणि पदर सावरून माझ्यापुढे धरला.

"ल्या, चहा ल्या. आज भलता उशीर व्हयना."

मी प्यायले. दुसरं काय करणार होते?

ती आत्ता माझ्यासाठी अंथरूण घालतेय, आबांच्या जागेवर. पत्र मिळताच निघ. दारातूनच मला नावाने हाक मार, आणि आत येऊन माझ्या पाठीवर हात ठेव. काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे.

अजून तुझी धाकटीच,
सुवर्णा