दोन्ही बाजूंनी सारख्याच चुकलेल्या स्प्रिंगांबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी केंद्र.

विषय : जुन्या एसयूव्हीवरील कंपनीबाह्य स्प्रिंग व ब्रेकचे भाग ओळखून दिलेली यादी सुधारण्याबाबत आणि मुदतवाढ मिळण्याबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षकांचा शेरा, "गाडी टाचा उंचावून उभी आहे."

महोदय,

१. अर्जदाराने सदर गाडी जुनी विकत घेतली. आधीच्या मालकाने तिची उंची हौसेने वाढवलेली आहे. कंपनीचे नसलेले सर्व भाग ओळखून बदलावेत, अन्यथा नोंदणी स्थगित होईल, असा आपला आदेश आहे व तो रास्त आहे.

२. अर्जदार आधुनिक कवितेचा पदवीधर असून गाडीखाली पडून स्प्रिंगांवर पाना वाजवत असता, तो नाद असह्य होऊन त्याचे सासरे बाहेर आले. ते निवृत्त शिंपी आहेत. लग्नापासून ते अर्जदाराशी थेट बोललेले नव्हते. "त्या कविराजांना सांग, चहा निवतोय," असे मुलीमार्फत कळवत. 'जावई' हा शब्द त्यांनी कधी उच्चारलेला नाही. त्या दिवशी मात्र गळ्यातल्या टेपसह ते गाडीखाली शिरले आणि म्हणाले, "सरका." इतका आशयघन उद्गार अर्जदारास कोणत्याही संग्रहात आढळलेला नाही.

३. मागची डावी स्प्रिंग उजवीपेक्षा बोटभर लांब निघाली. एक शॉकअप परक्या गाडीचा निघाला. ब्रेकच्या डिस्कला पाडलेली भोके पाहून सासरे म्हणाले, "काजं केलीत की हो! बटणं कुठायत?" उभयता इतके हसले की अर्जदाराचे कपाळ अ‍ॅक्सलवर आपटले व पत्नी कोणाला लागले ते पाहण्यास धावत आली. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मात्र टेपवर तंतोतंत सारख्या भरल्या, म्हणून त्या 'मूळच्या' असे लिहून दिले. त्या दोन्ही सारख्याच जास्त लांब असून ब्रेकची नळी त्यांनी धोकादायक ताणली आहे, हे आपल्या निरीक्षकांनी दाखवले. डावी बाही उजवीला लावून पाहण्याची सासऱ्यांची जन्माची सवय. त्यांनी चाकाशी वाकून ती ताणलेली नळी बोटाने चाचपली. मग म्हणाले, "दोन्ही बाह्या चुकल्यात. उसवा सगळं."

४. त्यानुसार कंपनीच्या आराखड्याशी ताडून तपासणी पहिल्यापासून सुरू आहे. ब्रेकचे काम परवानाधारक गॅरेजमध्येच होईल. तोवर गाडी अंगणात ठोकळ्यांवर असून किल्ली पत्नीच्या ताब्यात आहे व ती देणार नाही. परंतु संशय वाढत चालला आहे. काल सुकाणूवर आला, आज सीटच्या शिलाईवर. ("हा परका हात आहे," इति सासरे.) गाडीखालच्या त्या अर्ध्या उजेडात, तेलाच्या थेंबांखाली, अर्जदारास जे बोलणे लाभले आहे, ते गाडी पास होताच टेपबरोबर खणात जाईल आणि चहा पुन्हा मुलीमार्फत निवू लागेल, अशी त्यास रास्त भीती वाटते.

५. सबब, येत्या शुक्रवारची मुदत वाढवून मिळावी. ते नियमात बसत नसल्यास गाडी आणखी एकदा, शक्य तितक्या सविस्तर कारणांसह, नापास करण्याची कृपा व्हावी.

आपल्या शेऱ्याचा ऋणी व नम्र,
अर्जदार
(सही तेलकट आहे, क्षमस्व)
दिनांक : मुदतीच्या आदल्या दिवशी

सोबत :
१. काढलेल्या भागांची छायाचित्रे.
२. सुधारित यादी, शिंपीखडूच्या खुणांसह.
३. सासऱ्यांचे निवेदन, स्वहस्ताक्षरात, एका ओळीचे : "माझ्या जावयाला मुदत द्यावी, माप अजून पुरतं झालेलं नाही."